"सगळेच देतात" म्हणून आपणही द्यायचे का?

प्रश्न: वडील वारले, सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची वारसनोंद करायचीय, कागदं सगळी दिलीत तरी 'वरचे' द्या म्हणतात, नाहीतर दर वेळी नवीन त्रुटी काढतात. कॉलेजला जाणारा मुलगा म्हणतो, देऊन टाक की आई, सगळेच देतात, शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासानं कोण सुधारलं? भ्रष्टाचार कायद्यानं थांबेल की संस्कारानं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, पैसे देऊ नका, हे आधी सांगतो. मुलगा तासात काय शिकला ते सोडा, आई काय करते ते तो आत्ता बघतोय.

आपल्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवा, बिदरच्या बादशहाचे अधिकारी, दुष्काळात माणसं मरायला लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं उघडून दिली. पुढे विठोबानं येऊन भरपाई केली ही भक्तांची श्रद्धा, पण मला आधीचाच भाग मोठा वाटतो, किल्ली हातात होती, शिक्षा होणार हे माहीत होतं, तरी ती लोकांसाठी वापरली. याला संस्कार म्हणतात. पण प्रत्येक टेबलामागं दामाजीपंत बसलेत असं धरून कारभार चालत नाही ना, म्हणून कायदा पाहिजेच. आणि लोक गुपचूप पैसे देत राहिले की ऑफिसातला जो एखादा सरळ माणूस असतो तोच एकटा पडतो, त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता कामाचं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणं हाही गुन्हा आहे, जबरदस्तीनं द्यावी लागली तर 7 दिवसांत तक्रार करावी लागते. त्यापेक्षा देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा, टोल फ्री आहे. ते आधी मागणीची पडताळणी करतात, मग नोटांना अँथ्रासीन पावडर (घेणाऱ्याच्या हाताला लागली की अतिनील दिव्याखाली चमकते) लावून पंचांसमोर सापळा लावतात. एवढं नको वाटलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपये फी, 30 दिवसांत उत्तर, आणि त्यात एवढंच विचारा की माझा अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे आणि का थांबलाय. मुलालाच लिहायला बसवा. अर्जाची पोच घ्या, आणि फोनवर पैसे मागितल्याचं रेकॉर्डिंग असेल तर ते डिलीट करू नका.