ठाण्याहून सोलापूरला बदली झालीय. खाडी नसलेल्या गावात मार्च ते मे पक्षी कुठे बघायचे?

‘खाडी नसलेल्या गावात’ एवढंच वाचलं आणि डोकं फिरलं. हेच वाक्य माझ्या साडूच्या तोंडून मी पंधरा वर्षं ऐकतोय, तोही ठाण्याचाच. म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुम्ही विचारलंय की ठाण्यात असताना उन्हाळ्यात दर रविवारी खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) बघायला जायचो, इथे तसं काही आहे का, आणि दुर्बीण कोणती घेऊ. दुर्बिणीचं आधी उरकतो: ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. त्याहून मोठीच्या नादी लागू नका. मे महिन्यात सकाळी नऊनंतर पाण्यावरची हवा अशी लहरायला लागते की पलीकडचा रोहित कढईत सोडल्यासारखा दिसतो. मोठी दुर्बीण तोच तळलेला रोहित मोठा करून दाखवते.

आता खाडी. तुमच्याकडे ओहोटी दिवसातून दोनदा येते. आमच्या उजनीत ती वर्षातून एकदाच येते आणि सात-आठ महिने चालते. १९८० साली पूर्ण झालेलं हे भीमेवरचं धरण. साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी न वापरायचं पाणी. वर जे ५३ उरतं त्यातून कालव्याची आवर्तनं, नदीत सोडायचं पाणी, आणि बाष्पीभवन वेगळंच. ते संपून पाणी मृतसाठ्याच्या खाली उतरलं की उन्हाळ्यात पेपरात मथळा येतो, ‘उजनी वजा’. २०२४ साली तर वजा साठ टक्क्यांपर्यंत गेली होती. मथळा वाचून सोलापूरकर पिंपं भरून ठेवतो. मी होडीवाल्याला फोन लावतो.

कारण पाणी हटलं की काठाची सपाट जमीन उघडी पडते. चिखल, गुडघाभर पाणी, त्यात शिंपले, किडे, अडकलेले बारके मासे. रोहित, चित्रबलाक, उघड्या चोचीचे करकोचे, शेकाटे सगळे तिथेच. तुमच्या खाडीत बहुतेक लहान जातीचे रोहित असतात, इकडे मोठ्या जातीचे बघायला मिळतील. पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, मार्चमध्ये हिमालयाकडे निघून गेले की आमचे पक्षीमित्रसुद्धा कॅमेरे कपाटात ठेवतात, ‘हंगाम संपला’ म्हणतात. शुद्ध आळस आहे. उन्हात जायचं नाही, एवढंच त्याचं खरं कारण. जानेवारीत मळकट दिसणारा पिवळा धोबी पक्षी जायच्या आधी एप्रिलमध्ये हळदीसारखा पिवळा होतो, तो बघितलाच नाही तर काय बघितलं? आणि पाहुणे गेल्यावर घरचे अंडी घालायला बसतात. नदी सुरय, आर्ली, टिटव्या, सगळ्यांचं बाळंतपण ह्याच दिवसांत, पाण्यातून वर आलेल्या उंचवट्यांवर, उघड्यावर.

ह्यावरूनच आमचं भांडण झालं होतं.

जेऊरला सासरच्या नात्यातलं लग्न होतं, मे महिन्यात. हळदीच्या रात्री साडू नेहमीप्रमाणे सुरू झाला, तुमच्याकडे काय, चादर आणि चटणी. मी म्हटलं, उद्या पहाटे उठा. साडेचारला त्याला उठवलं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधली आणि करमाळा तालुक्यातल्या केत्तूरच्या बाजूला काठावर जाऊन पोचलो. होडीवाला ओळखीचा. मासे धरणारा माणूस, पक्ष्यांची पुस्तकी नावं त्याला एक ठाऊक नाही, पण कुठला पक्षी कुठे बसतो ते अचूक सांगतो.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही त्या उंचवट्यापाशी होतो. असेल आपल्या दोन खोल्यांएवढा, वर वाळकं गवत आणि शिंपल्यांचा चुरा. वीस-पंचवीस सुरय, थोड्या आर्ली, एका टोकाला टिटवीची जोडी. होडी पन्नास पावलांवर थांबवली. टिटवीची चार अंडी, टोकं आत करून ठेवलेली, खड्यांत खडा. मी दुर्बिणीतून दहा मिनिटं शोधली तेव्हा सापडली. साडू गप्प झाला होता. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

मग म्हणाला, “खाली उतरतो. पाच मिनिटं.”

मी म्हटलं, “अहो साडूभाऊ, अंडी आहेत तिथे. आणि नऊ वाजत आलेत.”

“पाच मिनिटांनी काय होतंय हो?”

होतं काय, तर मे महिन्यातलं ऊन. ह्या दिवसांत पक्षी अंड्यावर बसतो तो अंडं उबवायला कमी आणि सावली धरायला जास्त. पोळत्या जमिनीवर अंडं उघडं राहिलं की आतला जीव शिजतो. मी हे सगळं सांगितलं. तो होडीवाल्याला म्हणाला, घ्या हो पुढे, दोनशे जास्तीचे देतो. होडीवाल्याने माझ्याकडे बघितलं. आणि मी, लग्नघरात तमाशा नको म्हणून, गप्प बसलो. ती पाच मिनिटं वीस झाली. सुरय डोक्यावर ओरडत होते, टिटवीने तर आकाश फाडलं. जेवणाच्या पंगतीत आमची बोलाचाली झाली ती झालीच. बायका मध्ये पडल्या.

दहा-बारा दिवसांनी मी एकटाच परत गेलो. पाणी आणखी उतरलं होतं आणि तो उंचवटा बेट राहिलाच नव्हता, काठाला जोडला गेला होता. चालत जाता आलं. मेंढरांच्या खुरांचे ठसे, कुत्र्याच्या पंजांचे ठसे, एकही अंडं नाही, पिल्लू नाही. फोनवर सांगितलं तर साडू लगेच म्हणाला, “बघा, कुत्र्यांनी खाल्ली. माझ्यावर कशाला ढकलता?” त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, आणि तेच मला इतकी वर्षं टोचतंय. टिटवीदेखील समुद्र आटविते म्हणतात. इथे समुद्र कालवे आटवतात आणि टिटवीचीच अंडी उघडी पडतात.

तर तुमच्यासाठी. होडीने जायचं तर होडीवाल्याला निघतानाच सांगा की उतरायचं नाही, आणि काठाने फिरताना पाय ठेवायच्या आधी जमीन बघा. टिटवी अंगावर यायला लागली तर तुम्ही चुकीच्या जागी आहात, मागे फिरा. फोटोसाठी ज्याला उतरायचंच आहे त्याने ठाण्यालाच राहावं.

हो, एक राहिलं. मे महिन्यात दुपारनंतर होडीत बसू नका. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव आणि कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा माणसं गेली. वळवाचं वारं आलं की उजनी समुद्रासारखी उसळते. लाइफ जॅकेट नसेल तर काठावरूनच बघा, तेवढंही पुष्कळ असतं.

दर रविवारी एवढ्या लांब जमणार नाही, तर तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव आहे, इंग्रजांनी १८७१ साली बांधून पुरा केलेला. गावातून उजाडायच्या आत पोचता येतं. काठावर कपडे-गाड्या धुणं चालू होण्याआधी जा. माळढोकच्या आशेवर नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाऊ नका, निराश व्हाल. पण तिकडच्या माळावर सकाळी पाणवठ्यापाशी गुपचूप बसलात तर पखुर्ड्यांचे, म्हणजे कबुतराएवढ्या माळावरच्या पक्ष्यांचे, थवे पाणी प्यायला येतात. त्यांचा नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो. टिटवीही असंच करते, पोट ओलं करून येते आणि अंड्यांवर बसते, गार करायला.

हे शेवटचं मी साडूला कधी सांगितलं नाही. त्या दिवशीचा एक फोटो त्याने मोठा करून ठाण्याच्या हॉलमध्ये लावलाय. टिटवी समोर उभी, चोच उघडी, पोटाची पांढरी पिसं चिकटून काळपट झालेली, पायाशी दोन थेंब ओघळताना स्पष्ट दिसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगतो, आत्ताच अंघोळ करून आली होती. ती अंड्यांकडे निघाली होती, आणि मध्ये हा कॅमेरा घेऊन बसला होता.