गावात नव्याने काम सुरू करणाऱ्या ताईंना

ताई, यवतमाळच्या खेड्यांत आत्महत्या रोखण्याचे हे काम करताना मी आधी कर्ज आणि नापिकी एवढेच विचारत असे. आता रात्री मोबाईलवर काय दिसते, हेही विचारते. खचलेला मुलगा एखादा उदास व्हिडिओ शेवटपर्यंत पाहतो, तेव्हा इन्स्टाग्राम त्याच धर्तीचे आणखी व्हिडिओ पुढे आणते आणि स्वतःला इजा करणे ही जणू सर्वांचीच रीत आहे, असे त्याला वाटू लागते. ब्रिटनमध्ये २०१७ साली दगावलेल्या १४ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूला अशा मजकुराचाही हातभार लागला, असा निष्कर्ष तेथील मृत्यूचौकशीत २०२२ मध्ये नोंदवला गेला. मात्र मोबाईल हिसकावू नका. एकट्या पडलेल्या मुलाला तिथेच कोणी सोबतीही भेटलेला असतो. ‘स्वतःला इजा करावीशी वाटते का?’ असे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. आत्महत्येचे फोटो गटावर आले, तर पुढे पाठवू नका (आपलेच लोक हळहळीपोटी पाठवतात). फवारणीची औषधे कुलपात ठेवण्यास घरच्यांना सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्या मुलाच्या मोबाईलमध्ये शेजारी बसून जतन करून द्या.