नवा संगणक की ताशी भाड्याचे ऑनलाइन यंत्र?

आपण व्हिडिओ संकलनाची आणि थ्रीडी अ‍ॅनिमेशनची कामे स्वतंत्रपणे घेता, जुना संगणक रेंडरिंगला, म्हणजे तयार दृश्यांवरून अंतिम चित्रे बनवण्याच्या कामाला, पुरा पडत नाही, आणि मुदत ठेव मोडून नवा घ्यावा की ताशी भाड्याच्या ऑनलाइन संगणकावर सॉफ्टवेअर चालवावे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की ठेव मोडू नये, मात्र सगळे कामही ऑनलाइन नेऊ नये.

महिनाभर संकलनाचे आणि रेंडरिंगचे तास वेगवेगळे लिहून ठेवा. नव्या संगणकाच्या किमतीतून चार वर्षांनंतरची पुनर्विक्रीची अंदाजे रक्कम वजा करा, त्यात बुडणारे व्याज, वीज आणि दुरुस्ती मिळवून 48 ने भागा, म्हणजे त्याचा खरा मासिक खर्च हाती येईल. रोज सहा-सात तास चालणाऱ्या संकलनाला ताशी भाडे बहुधा महाग पडते. अधूनमधून लागणाऱ्या रेंडरिंगला तेच परवडते.

जाहिरातीत तासाचा दर ठळक असतो, पण यंत्र बंद केले तरी त्याला जोडलेल्या डिस्कचे भाडे सहसा चालूच राहते आणि अनेक सेवा फाइली उतरवून घेण्याचेही पैसे लावतात. शिवाय 20 एमबीपीएस अपलोड वेगाने 100 जीबी चित्रीकरण चढवायला सलग 11 तासांहून अधिक वेळ लागतो. थ्रीडीच्या फाइली बहुधा त्यामानाने लहान असतात, म्हणून तेच काम बाहेर पाठवणे सोयीचे. ब्लेंडर हे थ्रीडीचे सॉफ्टवेअर मोफत असल्याने भाड्याच्या यंत्रावरही परवान्याचा खर्च येत नाही. अ‍ॅडोबीची सॉफ्टवेअरे वापरत असाल, तर त्यांची वर्गणी यंत्राच्या भाड्याव्यतिरिक्त भरावी लागेल.

संकलनासाठी प्रॉक्सी, म्हणजे मूळ चित्रीकरणाच्या हलक्या प्रती, वापरून पाहा. त्याला रॅम वाढवण्याची आणि एसएसडीची, म्हणजे वेगवान साठवण-डिस्कची, जोड दिली, तर आपला जुना संगणक आणखी काही काळ निभावून नेईल, असे मला मनापासून वाटते, आणि हा खर्च बचतीला हात न लावता होण्याजोगा आहे.

रेंडरिंगचे भाडे ग्राहकाच्या कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून दाखवा. काम संपताच यंत्र आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करा, कारण रात्रभर विसरून चालू राहिलेले यंत्र त्या कामाचा नफा खाऊन टाकते. सलग सहा महिने भाडे वरच्या मासिक खर्चापेक्षा जास्त आले, तर संगणक जरूर घ्या. मात्र त्यासाठी आजपासून दर कामाच्या मोबदल्यातील ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवत चला.