पाणसापाला काय घालायचं?

पुरात घरात आलेली दिवड बादलीत ठेवलीय, तिला काय घालू, असं विचारलंस. आधी कडू बोलतो, मग कामाचं. कृष्णेच्या पुरात घरात शिरलेली दिवड, म्हणजे आपला विरोळा, पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. १९२६ वर वनखात्याला फोन कर, बादलीत ठेवून लाड नकोत.

आता खाण्याचं. परदेशात पाणसाप रीतसर पाळतात. तिथली हमखास चूक म्हणजे नुसते गोल्डफिश घालणं. गोल्डफिश आणि आपल्याकडे मिळणारा सायप्रिनस मासा, या कार्प कुळातल्या माशांत थायामिनेज नावाचं विकर असतं. ते जीवनसत्त्व बी१ मोडून टाकतं. मग सापाचा तोल जातो, झटके येतात. मासा फ्रीजरमध्ये ठेवला म्हणून ते जात नाही, बरं का. काटे काढलेले तुकडे तर नकोतच, कॅल्शियम काट्यांतच असतं. मासा द्यायचा तो डोक्यासकट, अख्खा. बरेचजण गोठवलेलं उंदराचं पिल्लू वितळवून त्याला मासा चोळतात. वासाला भुलून साप गिळतो.

दूध? अजिबात नाही. आमच्या काकूनं एकदा वाटी ठेवली होती. विरोळ्यानं ती लवंडली आणि उचलायला गेलो तर माझ्या अंगठ्याला डसला. बिनविषारी खरा, पण रक्त लवकर थांबेना.