अलार्मचा कीपॅड सारखा बीप करतोय, वायर काढून टाकू का?

नका काढू. तुम्ही लिहिलंय की लाईट जाऊन आल्यापासून दाराजवळचा कीपॅड थोड्या थोड्या वेळानं वाजतो, बटण दाबलं की गप्प बसतो आणि काही तासांनी पुन्हा सुरू होतो. वायर ओढलीत तर बरेच पॅनल त्याला छेडछाड समजतात आणि मग सायरनच कोकलायला लागतो. शिवाय आवाज कीपॅडमधून येत असला, तरी बिघाड सहसा तिथे नसतो. कपाटात, जिन्याखाली किंवा माळ्यावर पत्र्याची एक पेटी असेल. तोच पॅनल, आणि कीपॅड फक्त त्याचा निरोप सांगतो.

म्हणून आधी निरोप वाचा. स्क्रीन असेल तर तिच्यावर काय दिसतंय ते कागदावर लिहून घ्या, कारण बटण दाबल्यावर ते कधीकधी पुसलं जातं. हनीवेल व्हिस्टाच्या कीपॅडवर ‘लो बॅट’सोबत झोनचा आकडा असेल, तर त्या दारा-खिडकीच्या सेन्सरचा सेल संपत आलाय. ‘सिस्टिम लो बॅट’ असेल, तर पॅनलची बॅटरी. डीएससी पॉवरसिरीजमध्ये स्टार आणि मग २ दाबलं की आकड्यांचे दिवे लागतात. त्यात २ म्हणजे वीजपुरवठा नाही, ७ म्हणजे वायरलेस सेन्सरचा सेल उतरलाय. १ लागला तर पुन्हा १ दाबून आत बघावं लागतं, पॅनलची बॅटरी त्यातच मोडते. तुमचा कीपॅड दुसऱ्या बनावटीचा असेल, तर मॉडेल नंबर शोधून त्याचं मॅन्युअल उघडा.

लाईट जाऊन आल्यावर सुरू झालं, यावरून माझा पहिला संशय बॅकअप बॅटरीवर आहे. पण तिच्याआधी प्लग तपासा, हे मी कळकळीनं सांगतो. आमच्याकडे असाच बीप सुरू झाला तेव्हा मी घाईनं नवी बॅटरी आणून बसवली. बीप थांबला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. शेवटी कपाट सरकवलं, तर मागे ट्रान्सफॉर्मरचं बटण बंद! साफसफाईत कुणाचा तरी हात लागला होता. पॅनल पूर्ण दिवस बॅटरीवर चालत होता आणि मी आणलेली नवी बॅटरीही रिकामी करत होता. हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे भिंतीत खोचलेला जाडसर चौकोनी प्लग. तो नीट बसलाय का, बटण चालू आहे का, त्या सॉकेटमध्ये दुसरी वस्तू चालते का, एवढं बघा.

तिथे सगळं ठीक असेल तर पॅनल उघडा. पण त्याआधी, तुमचा अलार्म एखाद्या देखरेख केंद्राला जोडलेला असेल तर त्यांना फोन करून तो टेस्टवर ठेवायला सांगा. झाकण उघडताच टॅम्परचा, म्हणजे छेडछाडीचा, इशारा जातो आणि विनाकारण कुणीतरी धावत येतं. आत बहुधा विटेसारखी १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, ४ किंवा ७ अँपिअर-अवरची. तिचं आयुष्य साधारण ३ ते ५ वर्षं. अंगावरची तारीख बघा. बाजू फुगल्यात का, टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी जमलीय का, तेही बघा. यातलं काहीही दिसलं तर मोजत बसू नका, बदलाच. बॅटरी बरी दिसत असेल तर मल्टिमीटर लावा. प्लग चालू असताना १३.५ व्होल्टच्या आसपास आकडा आला की चार्जिंग ठीक आहे. मग प्लग काढून दहा मिनिटं थांबा. आकडा भराभर घसरून साडेअकराच्या खाली गेला, तर तिच्यात काही उरलेलं नाही.

बदलताना प्लग चालू ठेवा, म्हणजे पॅनल बंद पडत नाही. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. उलट लावलीत तर फ्यूज उडतो, कधी बोर्डच जातो.

बॅटरी जुनी नसेल तर मात्र लगेच खर्च करू नका. लांबलचक वीजकपातीनंतर ती फक्त रिकामी झालेली असू शकते. एक दिवस चार्ज होऊ द्या.

आणि एक खात्री करून घ्या: आवाज खरंच कीपॅडचाच आहे ना? छतावरच्या स्मोक डिटेक्टरचा सेल संपत आला की तोही साधारण मिनिटाला एकदा ‘टिक्’ करतो, बहुतेकदा पहाटे, कारण गारठ्यात सेलचं व्होल्टेज आणखी उतरतं. कीपॅडला कान लावून पुढच्या बीपची वाट बघा. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर असेल आणि तो लागोपाठ चार बीप, थोडी विश्रांती, पुन्हा चार असं वाजत असेल, तर सेल शोधत बसू नका. घरातल्या सगळ्यांना घेऊन आधी बाहेर पडा आणि बाहेरूनच अग्निशमन दलाला फोन करा.

नवी बॅटरी लावल्यावरही कीपॅड लगेच शांत झाला नाही तर घाबरू नका. बरेच पॅनल बॅटरीची तपासणी ठरावीक अंतरानंच करतात. कोड टाकून अलार्म एकदा चालू-बंद करा, मग काही तास वाट बघा. तरीही वाजलाच, तर स्क्रीनवरचे शब्द आणि मॉडेल नंबर जसेच्या तसे मला कळवा.