खाकी कागद घेताना एवढं बघा
ताई, पार्सलला ब्राऊन पेपर घेताय ना, मग नुसता रंग बघून घेऊ नका, रंग काय कशालाही देता येतो. चांगल्या खाकी कागदाला क्राफ्ट पेपर म्हणतात, क्राफ्ट म्हणजे जर्मनमध्ये ताकद, पाइनसारख्या झाडांचा लांब धागा असतो त्यात म्हणून तो सहज फाटत नाही. दुकानातच कोपरा थोडा फाडून बघा, कडेला केसाळ धागे दिसले तर माल चांगला, रद्दीचा असेल तर कडा आखूड आणि भुसभुशीत निघते. साड्यांना ८० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम) पुरतो, पुस्तकांना १२० घ्याच. आणि पावसाळ्यात आतून प्लॅस्टिक हवंच हं, ओला झाला की हा कागद पार ढेपाळतो, माझी दोन पैठणीची पार्सलं अशीच भिजली होती, अजून जीव हळहळतो.