गाडीचा ब्लोअर (एसी-हीटरची हवा फेकणारा पंखा) अचानक बंद पडलाय, फ्यूज शाबूत आहे. गॅरेजवाला म्हणतो मोटर बदला. बदलू का?

नका बदलू. आधी मोटर बाहेर काढून थेट बॅटरीवर फिरवून बघा. जोरात फिरली तर बहुतेक वेळा दोष मोटरचा नसतो.

इतकं ठासून सांगतोय कारण यात माझे साडेचार हजार गेलेत. तीन वर्षांपूर्वी जुलैत आईला घेऊन महाबळेश्वरहून मेढ्यामार्गे साताऱ्याला येत होतो. केळघर घाटात धो धो पाऊस, त्यात धुकं, आणि ब्लोअर गप्प झाला. पाच मिनिटांत आतून काच पांढरी. एसीही बंद, कारण आमच्या गाडीत ब्लोअर फिरल्याशिवाय कॉम्प्रेसर लागतच नाही. मग दोन्ही खिडक्या अर्ध्या खाली, आई मागून पदराने काच पुसतेय, मी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरतोय. मेढा येईपर्यंत दोघंही चिंब झालो होतो. ब्लोअरला चैन समजणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा तो घाट ब्लोअरशिवाय उतरून बघावा.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या एका गॅरेजला गाडी दिली. त्यांनी मोटरच्या कपलरच्या (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) प्लसला टेस्टर लावला, लाईट पेटली. "करंट येतोय, म्हणजे मोटर गेली." दाजी बरोबर होते, ते लगेच म्हणाले, "दहा वर्षांची गाडी, टाक नवीन." टाकली. ब्लोअर चालला. नवव्या दिवशी परत बंद. दाजींचं म्हणणं, मोटर डुप्लिकेट मिळाली.

नशिबाने जुनी मोटर मी मागून घेतली होती. घरी बॅटरीला लावली तर भन्नाट फिरली! मग इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला, ग्लोव्ह बॉक्सखालचा मोटरचा कपलर काढला, चावी ऑन, ब्लोअर चार नंबरवर, म्हणजे फुल स्पीडला. बल्बचं एक टोक प्लसला, दुसरं बॉडीला: पेटला. कपलरच्या दोन्ही पिनांत: नाही पेटला. म्हणजे प्लस ठीक, अर्थकडचा, म्हणजे करंट बॉडीकडे परत जायचा, रस्ता तुटलेला. बऱ्याच गाड्यांत रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग) आणि स्पीडचा स्विच या अर्थच्याच बाजूला असतात. नॉबचं पॅनेल उघडलं तर मागच्या कपलरमध्ये अर्थच्या जाड काळ्या वायरची पिन जळून प्लॅस्टिक तपकिरी झालेलं. मोटर बदलताना वायरिंग हललं तेवढ्याने ती नऊ दिवस टेकली होती. नवीन कपलर जोडला, काम दीडशे रुपयांत. तेव्हापासून एकदाही बंद पडलेला नाही.

टेस्टरची बारीक लाईट नुसती टेकलेल्या पिनवरही पेटते, मोटर मात्र फुल स्पीडला पंधरा-वीस अँपिअर ओढते. म्हणून मोठा बल्ब लावायचा. दोन्ही पिनांत तो झकास पेटला तर मात्र मोटर गेली समजा. खालून हलकं ठोकल्यावर सुरू होत असेल तर मोटरमधले कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत.

तुमचा आधी फक्त चार नंबरवर चालायचा का? तसं असेल तर रेझिस्टर बघा, चार नंबरला तो वगळला जातो. नवा रेझिस्टरही लगेच जळला तर मोटर जड फिरतेय, जास्त करंट ओढतेय. पानं-कचरा अडकलाय का तेही बघा.

हो, ऑटोमॅटिक क्लायमेटची (तापमान आपोआप सांभाळणारी) गाडी असेल तर रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे बल्ब लावून खेळू नका. मोटर बॅटरीला लावताना जाड वायर आणि मध्ये फ्यूज हवाच. आणि फ्यूज उडतोय म्हणून मोठ्या अँपिअरचा कधीही टाकू नका, वायरिंग पेटेल.

दाजी अजून म्हणतात, बदलली ते बरंच झालं, कधीतरी जाणारच होती. मला हे अजिबात पटत नाही. चालू वस्तू काढून टाकायची आणि दोष तसाच ठेवायचा, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. ती जुनी मोटर मी जपून ठेवलीय. गणपतीला ते घरी आले की त्यांच्यासमोर पुन्हा फिरवून दाखवणार आहे.